चेव

दिवाळीच्या सुट्टीत लातूरहून भाचा आला होता. बारावीचं वर्ष, त्यामुळं सुट्टी म्हणायची ती चारच दिवसांची. नांदेडला आमच्या घरी दुपारची जेवणं झाली की सगळे आडवे होतात. हा मात्र भिंतीला पाठ लावून मोबाइलवर खेळत बसलेला. मी शेजारी बसून डोकावलो. पडद्यावर एक पोरगा गुडघ्यांवर कोसळलेला, त्याचा दोस्त समोर निपचित पडलेला, चहूबाजूंनी राक्षस. एकाएकी त्या पोराच्या छातीतून उजेड फुटला, केस उभे राहिले, डोळ्यांचा रंग पालटला. भाचा म्हणाला, "मामा, थांबा जरा. आता ह्याची पावर जागी व्हायली."

पलीकडं माझी आई वाती वळत बसली होती. तिनं चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "काय व्हायलंय त्या लेकराला? अंगात आलं का?"

एकच चित्र दोघांनी पाहिलं आणि दोघांनी दोन क्रियापदं वापरली. भाच्याचं 'जागी होणे', आईचं 'अंगात येणे'. भाच्याच्या हिशेबानं ती शक्ती त्या पोराच्या आतच होती, झोपलेली होती, उठली. आईच्या हिशेबानं ती बाहेरची होती, चालत आली, शिरली. माणसाच्या अंगी अचानक प्रकटणाऱ्या बळाबद्दल मराठीनं किती निरनिराळे अंदाज बांधून ठेवलेत, याचा विचार मी त्या दुपारपासून करतोय.

आधी आईच्या बाजूचे शब्द पाहू, कारण माझं लहानपण त्यांच्यातच गेलं. लोहा तालुक्यातल्या आमच्या गावाहून माळेगावची खंडोबाची यात्रा हाकेच्या अंतरावर. मार्गशीर्षात घोडे, उंट, गाढवं, घोंगड्यांचे ढीग, वाघ्या-मुरळी आणि हवेत भंडारा. तिथं कुणाच्या तरी अंगात यायचंच. बायका म्हणायच्या, "वारं आलं." शिकलेला माणूस म्हणायचा, "संचार झाला." कीर्तनकार म्हणायचा, "आवेश आला." तिन्ही शब्द प्रवासाचे. वारं तर वाहणारंच. संचार म्हणजे फिरणं. दंगलीच्या काळात लागणारी संचारबंदी आणि देवीचा संचार यांतला 'चर्' धातू एकच. आणि आवेश म्हणजे आत शिरणं. 'प्रवेश'मध्ये जो 'विश्' आहे तोच इथं 'आ' लावून बसलाय. आज आपण "वक्त्यानं आवेशपूर्ण भाषण केलं" असं लिहितो तेव्हा त्या वक्त्यात कोण शिरलं होतं, हे विचारत नाही. शब्द मात्र अजून दार उघडं ठेवून आहे.

वाऱ्याची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. आमच्याकडं पक्षाघाताला 'अंगावरून वारं जाणे' म्हणतात. वारं अंगात आलं तर म्हातारी बाई दोन गड्यांना आवरत नाही, आणि तेच वारं अंगावरून गेलं तर धडधाकट माणूस अर्ध्या अंगानं लुळा पडतो. फरक विभक्तीप्रत्ययाचा आणि शब्दयोगी अव्ययाचा: 'अंगात' की 'अंगावरून'. व्याकरण शिकवताना हे उदाहरण मला कुणी दिलं असतं तर प्रत्यय पाठ करायला त्रास पडला नसता.

आणि 'खेळणे'. अंगात आलेला माणूस नाचतो किंवा घुमतो असंही म्हणतात, पण आमच्याकडचा नेमका शब्द 'खेळतो' हाच. देवी खेळते. आराधी पोत खेळतात, पेटता पलिता अंगाभोवती फिरवतात. आईनं त्या दुपारी भाच्याला विचारलं होतं, "आणि तू काय खेळायलास रे?" तिला त्या वाक्यात काही विशेष वाटलं नसेल. मला मात्र वाटलं की जगभरची पोरं ज्याला गेम म्हणतात त्यासाठी आणि ज्यात माणूस स्वतःचा राहत नाही त्या अवस्थेसाठी माझ्या भाषेत क्रियापद एकच आहे, आणि ते उगाच नाही. खेळणारा दुसराच कुणीतरी होऊन खेळतो.

गेमवाल्यांनी त्या दुसऱ्याचं नावही आपल्याकडूनच नेलं. १९८५ साली 'अल्टिमा'च्या चौथ्या भागाच्या नावात 'अवतार' आला, आणि १९८६च्या 'हॅबिटॅट'मध्ये पडद्यावरच्या आपल्या बाहुल्याला अवतार म्हणू लागले. अव-तृ, खाली उतरणे. देव उतरायचा, आता पोरं उतरतात. मराठीनं या शब्दाची आधीच वेगळी वाट लावून ठेवली होती: केस पिंजारून शेतातून आलेल्या पोराला आई म्हणते, "काय अवतार केलास!" शक्ती उतरल्यावर माणूस ओळखू येत नाही, इतकाच भाग आपण घरगुती वापरासाठी ठेवला.

आता भाच्याची बाजू. जागणं.

संस्कृतातला 'जागृ' हा धातू मुळातच दुहेरी आहे. 'गृ'ची द्विरुक्ती होऊन तो तयार झाला आणि पुढं स्वतंत्र धातू म्हणून चालला. एका हाकेत कोण उठतं? मराठीत त्याचा गोतावळा मोठा आहे. पिकाची राखण करायला रात्री शेतात जातात ती 'जागल'. गावाची राखण करणारा 'जागल्या'. लग्नानंतर घरोघर होतं ते 'जागरण'. नवरात्रात होतो तो 'जागर'. आणि नवसाला पावणाऱ्या देवाचं ठिकाण ते 'जागृत देवस्थान'. देव जागा असतो तशी काही देवळं निजलेलीही असतील असं हा शब्दप्रयोग गृहीत धरतो. तसं कुणी उघड बोलत नाही, पण ज्या देवळाचा दिवा लागत नाही त्याच्याबद्दल म्हाताऱ्यांच्या तोंडी "आता तिथं काही राहिलं नाही" असं वाक्य येतंच.

या शब्दांत मला एक गोष्ट सारखी दिसत राहते. 'जागणे' हे ज्याचं त्यानं करायचं. पण शक्तीचा विषय निघाला की मराठी बहुतेक वेळा त्याचं प्रयोजक रूप पुढं करते: जागवणे. रात्र जागवतात, देव जागवतात, आठवण जागवतात, अभिमान जागवतात. 'व' एवढंच अक्षर, पण ते एक दुसरा माणूस घेऊन येतं. गोंधळात काय चालतं ते आठवा. चौक मांडला जातो, दिवटी पेटते, संबळ घुमतं आणि गोंधळी एकेका देवाला त्याच्या गावच्या नावानं बोलावतो. तुळजापूरची, माहूरची, कोल्हापूरची, जेजुरीचा. देवाची शक्ती कमी आहे असं कुणी म्हणत नाही. पण हाक मारल्याशिवाय ती येत नाही.

या गोंधळाचं नावही आमच्या भागाशी लागून आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात 'गोंडली' नावाचं नृत्य येतं. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार लांब नाही. गोंडली आणि गोंधळ यांचा धागा अभ्यासकांनी जोडला आहे, आणि मला तो पटतो. पुढं याच शब्दाचा अर्थ 'अनागोंदी' झाला याचं मात्र वाईट वाटतं. ज्या विधीत प्रत्येक देवाचं नाव, जागा आणि क्रम ठरलेला, त्याच्या नावानं आपण अव्यवस्थेला ओळखतो.

खंडोबाच्या आरोळीतही कन्नडचा शेजार ऐकू येतो. 'येळकोट'मधला 'येळ' म्हणजे कन्नड 'एळु', सात, सात कोटी. ही व्युत्पत्ती बहुतेकांना मान्य आहे आणि मीही तीच मानतो. पण उदगीर-देवणी-निलंग्याकडं ज्यांच्या घरात दोन्ही भाषा चालतात त्यांना ठाऊक असतं की कन्नडात 'एळु' याचा दुसरा अर्थ 'ऊठ' असा होतो. आई लेकराला सकाळी उठवताना तेच म्हणते. हा योगायोग आहे, व्युत्पत्ती नव्हे. तरीही माळेगावला हजारो गळ्यांतून ती आरोळी उठते तेव्हा सीमेवरच्या एखाद्या म्हाताऱ्याच्या कानात दोन्ही अर्थ एकदम वाजत असतील, असं मला वाटतं.

आता ज्या शब्दासाठी हे सगळं लिहायला बसलो त्याकडं येतो: 'चेव'.

आज आपण "त्याला चेव आला" म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढं त्वेष येतो. कुणी डिवचलं, माणूस पेटला. कबड्डीच्या मैदानात आमच्या शाळेचा एक किडमिडा पोरगा होता. चढाईला गेला की हमखास पकडला जायचा. एकदा समोरच्या संघातल्या कुणीतरी त्याच्या चपलांवरून त्याला हसलं. पुढच्या चढाईत तो तिघांना बाद करून आला. गुरुजी म्हणाले, "चेव आला गड्याला." मी हा शब्द पहिल्यांदा तिथं ऐकला आणि कित्येक वर्षं त्याचा अर्थ राग असाच धरून चाललो.

पुढं ज्ञानेश्वरी वाचताना अडखळलो. तिथं 'चेणे', 'चेवणे' ही क्रियापदं येतात आणि त्यांत रागाचा मागमूस नसतो. तिथं चेवणे म्हणजे चक्क झोपेतून जागं होणं. स्वप्नात भिकारी झालेला राजा चेवतो आणि राजाच असतो, अशा तऱ्हेच्या दाखल्यांत हा शब्द फिरतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला बसून ज्ञानदेव जो शब्द जाग येण्यासाठी वापरत होते तोच सातशे वर्षांनी आमच्या मैदानावर धुळीनं माखून उभा होता. मूळ 'चित्', भान असणे. त्याच मुळापासून 'चेतणे', 'चेतवणे' आले, आणि ते आपण आगीसाठी वापरतो. चूल चेतवतात. भान, जाग, आग, त्वेष: शब्द एकेक पायरी तापत गेला.

म्हणजे भाच्याचं "पावर जागी व्हायली" हे वाक्य मराठीत पूर्वीच एका अक्षरजोडीत बसवून झालं होतं. चेव येणे म्हणजे आतलं जागं होणे. आणि इथंही दुसरा माणूस आहेच. चेव आपोआप येतो असं क्वचितच म्हणतात. कुणीतरी चेव आणतो. कुणीतरी हसतं, कुणीतरी आठवण देतं.

'चेव'च्या भावकीत 'फुरफुरणे' आहे. 'स्फुर्' म्हणजे थरथरणे, स्पंदन पावणे. स्फूर्ती, स्फुरण आणि "बाहू फुरफुरायला लागले" यांत मूळ एकच. कवीला स्फुरतं ती जागा आणि पैलवानाचा दंड फुरफुरतो ती जागा भाषेच्या लेखी जवळजवळ आहेत. 'जोश' मात्र फारसीतून आला, तिथं त्याचा अर्थ उकळी. 'करामत' अरबीतून आली आणि तिचे आमच्याकडं झालेले हाल 'अवतार'पेक्षा वेगळे नाहीत: वलीच्या, म्हणजे मुस्लिम संताच्या, हातून घडणारा चमत्कार ती करामत. कंधारच्या दर्ग्याच्या परिसरात म्हातारी माणसं अजून तो शब्द त्या वजनानं वापरतात. शहरात त्याचा अर्थ युक्ती, हातचलाखी. निजामी राजवटीत शतकानुशतकं राहिलेल्या या मुलखात शक्तीचे शब्द असे दोन्ही नद्यांतून आले आणि एकाच घागरीत भरले गेले.

माहूरकडं वळल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सह्याद्रीची म्हणून ओळखली जाणारी ती टेकाडं, रेणुकेचं ठाणं, दत्ताचं शिखर. रेणुकेच्या मूर्तीला 'तांदळा' म्हणतात: फक्त मुख, धड नाही. तिथली कथा अशी की परशुरामाला आईचं दर्शन व्हायचं होतं, मागं वळून पाहू नकोस असं सांगितलेलं होतं, आणि त्यानं धीर न धरता पाहिलं. तेवढ्यात जमिनीतून मुखच वर आलं होतं, तिथंच थांबलं. शक्ती प्रकट होण्याच्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. अर्धी प्रकटून थांबलेल्या शक्तीची पूजा करणारी जागा मला माहूरच ठाऊक आहे. तांदळा हा शब्द उच्चारताना माझ्या मनात ते अर्धवटपण येत नाही, पुरती आई येते. शब्दानं उणीव भरून काढलीय.

याच माहूरला महानुभाव परंपरेतली आणखी एक कथा घडते. फलटणहून आलेले चक्रपाणी इथं डोंगरात असताना श्रीदत्तात्रेयप्रभू वाघाच्या रूपात समोर आले आणि त्यांनी आपला चवडा चक्रपाणींच्या डोक्यावर ठेवला. त्या स्पर्शानं चक्रपाणींनी शक्ती स्वीकारली. कुठल्याही गेमच्या लेखकाला हेवा वाटावा असा प्रसंग आहे हा. पण मला थांबवतो तो शब्द: 'स्वीकार'. शक्ती मिळाली नाही, उसळली नाही, शिरली नाही. स्वीकारली. 'स्व' म्हणजे आपलं, 'स्वी-कृ' म्हणजे आपलं करणं. देणारा वाघाच्या रूपात उभा आहे, घेणारा भानावर आहे, आणि घेणं हे त्याचं कृत्य आहे. आईचं 'अंगात येणे' आणि भाच्याचं 'जागी होणे' यांच्या मधली ही तिसरी वाट, आणि ती तेराव्या शतकातल्या मराठीनं जपून ठेवली.

पुढं काय झालं तेही ऐकण्याजोगं आहे. चक्रपाणी द्वारकेला गेले आणि हाती सूप-खराटा घेऊन रस्ते झाडू लागले. एवढी शक्ती स्वीकारलेला पुरुष झाडलोट करत राहिला, आणि त्याच सूप-खराट्याच्या स्पर्शानं त्यांनी बावन्न पुरुषांना विद्या दिली असं परंपरा सांगते. नंतर ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंकडून चक्रधरांनी शक्ती स्वीकारली ती शेंगुळ्याच्या प्रसादातून. शेंगुळं! आमच्या घरी पावसाळ्यात लसणाची फोडणी देऊन शिजतं ते. वाघाचा चवडा, खराटा, शेंगुळं. महानुभावांच्या लीळाचरित्रात शक्तीची वाट अशी हाताला लागणाऱ्या वस्तूंतून जाते, आणि दर वेळी देणारा एक, घेणारा एक.

नांदेडला गोदावरीच्या काठावर बंदा घाट गुरुद्वारा आहे. तिथं जाऊन मी पायऱ्यांवर बसतो तेव्हा मला एक फारसी शब्द आठवतो. १७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडला आले तेव्हा इथं माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. जन्म राजौरीकडचा, तरुणपणी शिकारीत हरिणी मारली, तिच्या पोटातली पिल्लं मेलेली पाहिली आणि घर सोडलं, असं त्याच्याबद्दल सांगतात. मंत्रसिद्धीसाठी त्याचं नाव होतं. गुरू त्याच्या मठात येऊन त्याच्याच खाटेवर बसले. माधोदासानं आपल्या सगळ्या सिद्धी पणाला लावून ती खाट उलटवायचा प्रयत्न केला, खाट हलली नाही. मग त्यानं गुरूंपुढं मान लववली आणि म्हणाला की मी आपला बंदा. तेच नाव झालं, बंदा सिंग. गुरूंनी त्याला आपल्या भात्यातले पाच बाण देऊन पंजाबकडं पाठवलं. मे १७१० मध्ये सरहिंद पडलं. १७१६ मध्ये दिल्लीत त्याचा छळ करून वध झाला.

'बंदा' म्हणजे गुलाम, बांधलेला. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या शेवटी इराणच्या दारयवहू राजानं बेहिस्तूनच्या कड्यावर कोरलेल्या लेखात 'बंदक' येतो, आणि तो आपल्या 'बंध'चा सख्खा चुलतभाऊ आहे. नांदेडच्या या प्रसंगात शब्द जे करतो ते मला कुठल्याच कथेत सापडलेलं नाही. सिद्धी असताना हा माणूस मठाबाहेर पडला नाही. बांधून घेतल्यावर तो साम्राज्याशी भिडला. 'मुक्त होणे', 'मोकळं होणे', 'पाश तुटणे' ही आपली नेहमीची भाषा इथं उलटी उभी राहते.

आणि त्या शहराचं दुसरं नाव हजूर साहिब. हुजूर म्हणजे समोर असणं. 'हजर', 'हजेरी', 'हाजिर' ही त्याची भावंडं. शाळेत हात वर करून "हजर" म्हणणारं पोरगं आणि तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब, एकाच अरबी मुळावर.

मारुतीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. लहानपणी ऋषींना त्रास दिला म्हणून शाप मिळाला की तुला स्वतःच्या बळाची आठवण राहणार नाही, कुणी करून दिली तरच ती येईल. समुद्रकाठी जांबवंतानं ती करून दिली. वाल्मीकींच्या उत्तरकांडातला हा शाप मला अतिशय सुज्ञ वाटतो. बळ काढून घेतलं नाही, फक्त एकट्यानं ते सापडणार नाही अशी तजवीज केली. आमच्या मराठवाड्यात जवळजवळ प्रत्येक गावाच्या वेशीवर मारुती आहे, त्याच्या पारावर माणसं बसतात, आणि एकमेकांना ऐकवत राहतात: तुझा आजा असा होता, तू हे करू शकतोस. पार ही आठवण करून देण्याची जागा आहे.

शाळांनीही हा शाप ओळखलाय. स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेवर वर्षानुवर्षं एक वाक्य छापलं जातं: विद्यार्थ्यांच्या सुप्त गुणांना वाव. सुप्त म्हणजे निजलेला. हा शब्द ऐकून पुष्कळ जण 'सुस्त'शी त्याचं नातं जोडतात. ते नातं नाही. सुस्त फारसी, सुप्त संस्कृत 'स्वप्'पासून, स्वप्नाच्या घरचा. निजलेलं पोर सुस्त असतंच असं नाही; ते स्वप्नात असू शकतं. हे शिक्षकाला कळलं तर शब्द कामी आला.

रात्री मी भाच्याला विचारलं, ह्या पावर जागी होण्याला गेममध्ये काय म्हणतात? "अवेकनिंग," तो म्हणाला, "जपानी गेमांत लै असतंय." खरं आहे. जपानीत त्याला 'काकुसेई' म्हणतात. २०१२ साली 'फायर एम्ब्लेम' या मालिकेतला जो गेम जपानात आला त्याच्या नावातच तो शब्द होता, आणि इंग्रजीत त्याचं 'अवेकनिंग' झालं. काकुसेई दोन चिनी अक्षरांनी लिहितात. त्यातलं पहिलं, 'काकु', हे अक्षर चिनी भाषांतरकारांनी पूर्वी एका भारतीय शब्दासाठी वापरलं: बोधी. बुद्धाला त्यांनी 'जागा झालेला' असं म्हटलं, कारण 'बुध्' धातूचा पहिला अर्थच जागं होणं आहे. बुद्धी, बोध, बुद्ध, तिघंही मुळात पहाटेचे शब्द.

भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो उठून बसला. इथून भिक्षूंबरोबर निघालेला अर्थ चीनला गेला, तिथून जपानला, तिथं चित्रकथांत आणि खेळांत शिरला आणि लातूरच्या खोलीवर मोबाइलमध्ये परत आला. आणि परतायची तशी गरजही नव्हती, कारण तो इथून पुरता गेलाच नव्हता. 'समजणे' हे आपलं रोजचं क्रियापद 'सम्-बुध्'पासून आलंय: पुरतं जागं होणं. "समजलं का?" असं शिकवणीतले सर तासाला दहा वेळा विचारतात. 'बूज राखणे'तली बूजही त्याच घरची. आणि 'उमजणे' वेगळ्या वाटेनं येतं: 'उन्मज्ज्', पाण्याखालून वर येणे. समजणारा जागा होतो, उमजणारा डोकं पाण्याबाहेर काढतो.

इथं माझ्याच म्हणण्याला एक अडसर येतो आणि तो मला मान्य केला पाहिजे. बुद्धाला कुणी जागवलं नाही. वाघ आला नाही, जांबवंत नव्हता, संबळ वाजलं नाही. तो स्वतः जागा झाला, आणि त्याचं नाव प्रयोजक नाही, साधं भूतकालवाचक धातुसाधित आहे. नांदेड-लातूरच्या कितीतरी वस्त्यांत पांढऱ्या वस्त्रांतली माणसं विहारात बसतात ती याच शब्दापुढं, आणि कुणी हाक मारण्याची वाट न बघता उठलेल्या माणसाचं मोल त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी तो जागा झालेला माणूस तिथंच बसून राहिला नाही. सारनाथला गेला आणि पाच जणांना बोध केला. 'बोध करणे' म्हणजे पुन्हा तेच, दुसऱ्याला जागवणे.

त्या रात्री मला आपल्याकडचा एक गेम आठवला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या चमूनं २०२० साली 'राजी' नावाचा गेम काढला. त्यातली पोरगी डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी, भाऊ राक्षसांनी पळवलेला, आणि दुर्गा तिला त्रिशूळ देते. भाच्यानं तो खेळलेला नव्हता. मी त्याला विचारलं, तिच्या शक्तीला काय म्हणशील, जागी झाली की अंगात आली? त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "दुर्गेनं दिलं म्हंजे... घेतली तिनं." त्याला लीळाचरित्र ठाऊक नाही. मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

आई ऐकत होती. ती म्हणाली, "काय घेतली? आधी ताट घेऊन जा आत." तो ताट घेऊन गेला. परत आला, मोबाइल बंद केला, रसायनाचं पुस्तक उघडलं, आणि अकराच्या सुमारास अंथरुणावर पडताना म्हणाला, "मामा, चारला उठवा मला. गजरानं मी उठत नाही."

पावणेचारला मी डोळे उघडले तर आतल्या खोलीत दिवा होता. आई त्याच्या उशाशी बसून हलक्या हातानं त्याच्या कपाळावरचे केस मागं सारत होती आणि त्याचं नाव घेत होती. एकदा. मग पुन्हा.